पाचव्या प्रकरणापासून

९ नोव्हेंबर, रविवार

संपलं एकदाचं. सकाळी साडेसहाला दत्तानं शेवटचं पान वाचलं, चष्मा काढला न् माझ्याकडं बघत बसला. मी मेथी निवडत होते. म्हणलं, "कळलं."

"नक्की ना अक्का?"

"व्हय रे बाबा. कळलं."

मंग फाईल मिटली त्यानं. अकरा वर्षं चाललं होतं हे पुस्तक. पुस्तक कशाचं, तर दुसऱ्यानं सांगितलेलं आपण खरं धरतो, ते ज्ञान म्हणायचं का नाय. शैला, आमची भावजय, न्हाऊन आली तर म्हणते, "संपलं? खरंच? थांबा, शिरा करते." दत्तापेक्षा तीच खूश. तिला पहिल्याच प्रकरणाला झोप लागली होती, तवापासून ऐकायची जिम्मेदारी माझ्यावर.

नळाला पाणी आलं आज, नवव्या दिवशी. सगळी भांडी भरली. कंबर गेली.

खोटं बोलले मी. इथं लिहिते, दुसरीकडं कुठं लिहू.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मुंबईहून पत्र. दुसरीकडच्या एका विद्यापीठाला कुलगुरू पाहिजे, त्याच्या मुलाखतीला बोलावलंय. अर्ज शैलानं भरला होता, सही तेवढी ह्याची.

मी म्हणलं, "आतापर्यंत अर्धा कुलगुरू होतास, आता पुरा व्हशील." दोन वर्षं झाली प्र-कुलगुरू हाये तो, मी अर्धाच म्हणते. हसला नाय. आधी हसायचा. पत्र घडी करून खिशात घातलं न् म्हणला, "पुस्तक राहिलं असतं तर गेलोच नसतो अक्का. आता हरकत नाही."

देवगाव रंगारीतून निघून तत्त्वज्ञानात एम. ए. करणारा हा पहिलाच. बापू, आमचे वडील, लोकांना सांगायचे, पोरगं वकिली शिकायलंय. तत्त्वज्ञान शिकायलंय म्हणलं असतं तर लोकांनी अंगारा आणून दिला असता. मंग मास्तर झाला, मंग विभागप्रमुख, मंग अधिष्ठाता, मंग अर्धा. एकेक पायरी चढला न् एकेक वर्ग सुटला. आता शिकवतो आठवड्यातून एक तास, तो पण कुणाची तरी मीटिंग खाऊन टाकती.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज वाचन नाय. साडेसहाला चहा ठेवला, दोघं समोरासमोर बसलो. करायचं काय? त्यानं पेपर वाचला. मी वाल सोलले. दोघंही नवीन पाव्हण्यासारखे.

हे सुरू कसं झालं ते आठवत बसले. आमचे हे गेले न् मी इथं छावणीजवळ ह्याच्या घरी राहायला आले. आमचे हे यष्टीत कंडक्टर. जाताना पण कुणाला त्रास नाय, डबा खाल्ला न् आडवे झाले. मी लई दिवस बोलतच नव्हते. एकदा सकाळी हा लिहीत बसलेला, तर म्हणलं, "दिवसभर काय खरडतो रे?" तर म्हणला, "ऐकतेस?" वाचलं. मी म्हणलं, "काय बी कळलं नाय." राग येईल वाटलं, तर हा खूश! म्हणला, "कुठं अडलं?" म्हणलं, "पहिल्याच ओळीला." गडी पुन्हा लिहून आला. पुन्हा नाय कळलं. चौथ्या वेळी कळलं. तवापासून हा कायदा, अक्काला कळल्याशिवाय पान उलटायचं नाय.

मी सातवी पास. ह्याच्या हाताखाली पीएचड्या झाल्या पोरंपोरी, त्यांना कायदा नाय न् मला हाये!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी नसरीन आली. दत्ताचीच विद्यार्थिनी, ह्याच्याच हाताखाली डॉक्टर झाली, आता त्याच विभागात तासावर शिकवती. पुस्तक तिनंच टाइप केलं. येताना खिम्याचे समोसे आणले, माझ्यासाठी बटाट्याचे वेगळे बांधून. म्हणलं, "मधल्या कागदाला भोक तर नाय ना?" म्हणती, "अक्का, डब्बल बांधलंय, घाबरू नक्का."

शैला बँकेत, दत्ता विद्यापीठात. पोरगी चहा फुंकत बसली न् मधीच म्हणली, "अक्का, एक बात विचारू? रागावणार नाय ना?"

"रागवायला मी काय तुझी विभागप्रमुख हाये?"

"पाचवं प्रकरण तुम्ही ऐकलं? सच्ची?"

मी समोसा खायले, खातच ऱ्हायले.

ती म्हणली, "पहिल्या चारांत तुमची विहीर हाये, सात परस खोल. आज्यानं सांगितलं सात, कोणी उतरून मोजली नाय, तरी गावात सगळ्यांना माहिती. वो इतना अच्छा है ना अक्का, मी वर्गात तेच शिकवते. दुसऱ्यात कंडक्टर हाये. कंडक्टर म्हणतो वेरूळ, आपण खिडकीतून बघत बी नाय, उठून उभे राहतो. तुमची आई हाये, दूध नासलंय म्हणणारी. पाचव्यापासून कोण हाये?"

"कोण हाये?"

"कोणीच नाय. माणूसच नाय अक्का. नुसते शब्द शब्दांशी बोलायलेत."

म्हणलं, "मंग सांग की तुझ्या सरांना."

"मैं? मी शिष्या. चार प्रकरणं चांगली, चार खाली, रिकामी हायेत असं सरांना मी सांगू? तुम्ही सांगा. तुमचं ऐकतात."

माझं ऐकतो, हीच तर पंचाईत हाये.

२२ नोव्हेंबर, शनिवार

झोप आली नाय नीट. डोकं दुखायलंय.

माझं खोटं तो अधिष्ठाता झाला त्या वर्षापासूनचं, तीन वर्षं झाली. घरी यायचा तर चपला काढायचं भान नाय. कुठल्या कॉलेजाची चौकशी, कुणाचे निकाल अडकले, कुणी दाराला कुलूप लावून बसलंय. तरी सकाळी साडेसहाला फाईल घेऊन हजर. वाचता वाचता ओळ दोनदा वाचायचा, त्याला पत्ता नाय. डोळे लाल. एक दिवस मला अडलं. अडलं म्हणजे पुरतंच अडलं. तोंड उघडलं होतं मी, पण त्याच्याकडं बघितलं न् म्हणलं, आता नाय म्हणलं तर हा गडी आज पुन्हा जागणार. म्हणून म्हणलं, "कळलं."

त्याचं तोंड असं सैल पडलं. तिथंच, खुर्चीत, पाच मिनिटं झोपला. मी चहा झाकून ठेवला.

मंग सोपंच झालं. अधूनमधून मेथीवरचा हात थांबवायचा, त्याला वाटायचं अक्का विचार करायली. मंग म्हणायचं, कळलं. चार प्रकरणं अशीच काढली मी. आणि खरं सांगायचं तर मी बी थकले होते. त्याच्या एकट्याच्या झोपेचं नाव कशाला घेऊ.

२९ नोव्हेंबर, शनिवार

नको तेच झालं.

विभागात जुन्या विद्यार्थ्यांनी कार्यक्रम ठेवला होता, पुस्तक पूर्ण झालं म्हणून. मला पुढच्या रांगेत बसवलं. शैलानं तिची राखाडी साडी नेसवली, मला म्हणे शोभती. म्हणलं, "मी काय मुलाखतीला चाललेय?"

एकेक जण उठून बोलला. सरांनी असं शिकवलं न् तसं शिकवलं. एकजण म्हणला, सर प्रश्नाचं उत्तर कधी देत नसत, प्रश्नच परत देत. मी शेजारच्या बाईला म्हणलं, "घरी पण तसंच हाये. भाजी काय करू इचारलं तर म्हणतो, भाजी करायचीच का." बाई लई हसली. तवर बरं चाललं होतं.

मंग दत्ता उठला. माईक हातात. म्हणला, "माझ्या पुस्तकात असं एकही वाक्य नाही, जे सातवी शिकलेल्या माझ्या बहिणीनं ऐकून 'कळलं' म्हटलेलं नाही. विद्वानांनी तपासायच्या आधी तिनं तपासलंय. प्रस्तावनेत हेच पहिलं वाक्य असेल."

टाळ्या. मला उठवलं, शाल, नारळ. फोटो. नसरीन मागच्या दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं न् मान खाली घातली.

रिक्षात दत्ता म्हणला, "अक्का, तू आज गप्प?" म्हणलं, "शाल टोचायली."

३ डिसेंबर, बुधवार

घरात कुणी नव्हतं. ह्याच्या कपाटातून पाचवं प्रकरण काढलं, चष्मा लावून बसले. म्हणलं, एवढं मोठं पाप केलंय का छोटं, बघू तरी.

तीन पानं वाचली. वाक्य चाललंय, चाललंय, उतरायची जागाच येत नाय. एका पानावर एकच शब्द अकरा वेळा. मोजला मी. विहिरीच्या पानावर कसं, वाचताना दत्ताच बोलायलाय असं वाटतं, हात हलवून. इथं दत्ता नाय. इथं अधिष्ठाता हाये. परिपत्रक काढल्यासारखं.

पुस्तक नासलं नाय, चार प्रकरणांनंतर थांबलंय. न् ते थांबलंय हे त्याला कुणी सांगितलंच नाय.

७ डिसेंबर, रविवार

गुरुवारी मुलाखत. शैलानं सकाळीच मुलाखतीची तालीम लावली. ती समितीची अध्यक्ष, डायनिंग टेबलाच्या डोक्याला बसलेली.

"प्राध्यापकसाहेब, नेतृत्व म्हणजे आपण काय समजता?"

दत्तानं काहीतरी लांबलचक सांगितलं. शैला म्हणली, "अहो, जरा आटोपतं घ्या, झोपतील ते."

म्हणलं, "मी पण समितीत हाये. सांगा साहेब, होस्टेलच्या पोरी पाण्यासाठी बादल्या घेऊन तुमच्या दारात बसल्या. काय करणार?"

"त्यांच्याजवळ जाऊन बसेन."

"मंग पाणी कोण आणील?"

हसला. लई दिवसांनी हसला, पोट धरून. शैला म्हणली, "अक्का, तुम्हीच जा मुलाखतीला."

आता सांगावं म्हणलं, हसू हाये तोंडावर तवर. ओठावर आलतं. तेवढ्यात तोच म्हणला, "एकोणसाठ झालो. पाच वर्षं तिकडं गेली की पासष्टीला टेकतो, मग काय लिहिणार? म्हणून पुस्तक झाल्याशिवाय ही खुर्ची नको होती. तुझ्या 'कळलं'वर निघालोय अक्का."

शैलानं माझ्या ताटलीत पोहे वाढले. खाल्ले.

११ डिसेंबर, गुरुवार

मुलाखत झाली. फोनवर म्हणला, बरी झाली. संशोधन काय विचारलं तर पुस्तकाचं सांगितलं, विहिरीचा दाखला दिला, समितीतले एक म्हातारे गृहस्थ म्हणे टेबलावर हात मारून वा म्हणले.

विहिरीचाच दिला. पाचव्यातला, सहाव्यातला नाय दिला. त्याच्या त्याला तरी कळायला पाहिजे होतं की नाय?

१५ डिसेंबर, सोमवार

छापखान्यातून कच्चे कागद आले, पुस्तकाच्या आकाराचे. दत्तानं सही केली की छपाई सुरू. बुधवारी माणूस न्यायला येणार. प्रस्तावनेत पहिल्याच ओळीत मी. "माझी बहीण" म्हणून. नाव नाय टाकलं ते एक बरं.

नसरीनचा फोन. "बोललात?" "नाय." "अक्का…" "नाय म्हणलं ना." ठेवला. पोरगी उगाच बोलणी खाती माझी.

आता तीन रस्ते हायेत. गप्प ऱ्हावं, पुस्तक छापू द्यावं, ह्यानं खुर्चीवर जावं, खुशीत जावं. चार लोक पाचवं प्रकरण वाचतील, त्यातले तीन समजल्यासारखं करतील माझ्यासारखंच. कुणाचं काय बिघडलं? नाहीतर सांगावं, मंग हा मुंबईला नाय म्हणणार न् शैलाच्या डोळ्यांसमोर मी कोण? तिसरा रस्ता लिहायला घेतला तर आठवतच नाय कुठला होता.

१७ डिसेंबर, बुधवार

सांगितलं.

सकाळी तो पेन घेऊन बसला, सही करायला. मी समोर बसले. हातात काय नव्हतं. म्हणलं, "दत्ता, पाचवं पुन्हा वाच मला."

"का?"

"मला नव्हतं कळलं."

तो हसला आधी. त्याला वाटलं चेष्टा करायली. मी रोज करतेच. म्हणला, "अक्का, आज माणूस न्यायला येतोय."

"चेष्टा नाय. पाचवं, सहावं, सातवं, आठवं. एक बी नाय कळलं. नुसतं व्हय व्हय म्हणत होते."

पेन खाली ठेवलं त्यानं. आत शैलाचा मिक्सर चालू होता, तो थांबला तवा म्हणला,

"का?"

"तू झोपावं म्हणून."

"मी झोपावं म्हणून?" आवाज चढला नाय, त्यानंच जास्त लागलं. "अगं, मी थकलो होतो तेव्हाच तर तू 'नाही' म्हणायला हवं होतंस. ताजा असताना माझं मला समजतं. मी दिवसभर होय म्हणणाऱ्यांत बसतो अक्का. कार्यालयात सगळे होय म्हणतात. एक माणूस नाही म्हणणारं होतं."

म्हणलं, "चूक झाली."

"तीन वर्षं?"

"रोज एकएकदा झाली. एकदम तीन वर्षं नाय."

शैला हात पुसत बाहेर आली. "काय झालं?" मंग मीच सांगितलं. ती खुर्चीवर बसली. मला वाटलं ओरडंल. म्हणली, "मला झोप लागली ते निदान उघड उघड लागली."

छापखान्याचा माणूस आला, रिकामा गेला. कागद कपाटात. सही नाय. फाडले पण नायत.

१९ डिसेंबर, शुक्रवार

घरात बोलणं बंद. म्हणजे बोलतो, पण शैलाशी. भरलं वांगं मी केलं न् "छान झालंय" तिला म्हणला. ती म्हणली, "मला कशाला सांगता, केलंय त्यांनी." तर म्हणला, "हं."

संध्याकाळी मुंबईहून कुणाचा तरी निरोप. ह्याचं नाव पहिलं हाये म्हणे. रविवारी फोन येईल, होकार विचारायला. शैलानं देवापुढं साखर ठेवली. मला पण दिली चिमूटभर. म्हणली, "अक्का, एक विचारते. तुम्ही आणखी दोन महिने गप्प बसला असतात तर?"

"विचार केलता."

"मग?"

"प्रस्तावनेत नाव घातलं माझं. नाव नाय, पण मीच की गं."

वाईट नाय शैला. तिला बंगला नको, गाडी नको. तिला एवढंच वाटतं, ह्याचं काहीतरी एक पुरं व्हावं. मला पण तेच वाटत होतं की. नसरीनला पण तेच.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी साडेसहाला चहा ठेवला, एकच कप. तो येईल असं वाटलं नव्हतं. आला. हातात पाचव्याचं पहिलं पान. नुसतं एक पान. सगळं लिहिलेलं खोडलेलं, वर पेननं नवीन, बारीक अक्षरात. डोळे लाल होते, पण ते तसले लाल नाय, ते ओळखते मी.

चहा त्याला दिला. मी बिनचहाची.

बसला न् वाचलं. चार ओळी. मुद्दा असा, की सांगणारा थकला असंल, नाहीतर ऐकणाऱ्यावर माया करत असंल, तर त्याचा शब्द धरायचा का सोडायचा. माझ्यावरच लिहिलं होतं मेल्यानं. नाव नव्हतं, पण मीच होते. बरं वाटलं न् लाज पण वाटली.

म्हणलं, "कळलं."

त्यानं चष्म्यावरून बघितलं. एवढ्या वर्षांत कधी नाय विचारलं ते विचारलं.

"काय कळलं ते सांग."

आतापर्यंत माझ्या शब्दावर चालत होता, आता पावती मागायलाय. मागू दे. मीच आणलंय हे.

म्हणलं, "थांब, सांगते. माझ्या शब्दांत चालंल का?"

"दुसऱ्या कुणाच्या शब्दांत सांगणार?"

सुरू केलं. आमच्या ह्यांचं सांगायला लागले. एकदा ह्यांनी रात्रपाळी करून सकाळची गाडी घेतली, न् कन्नडच्या थांब्याला "देवगाव" म्हणून ओरडले, तर पाच माणसं खरंच उतरली. त्यातला एक म्हातारा परत चढून म्हणला, कंडक्टरसाहेब, तुम्ही झोपा, मी ओरडतो. ते सांगता सांगता मला पण नवीनच काहीतरी दिसायला लागलं, की त्या म्हाताऱ्यानं…

आत फोन वाजला. शैला म्हणली, "अहो! मुंबई!"

तो हलला नाय. म्हणला, "म्हाताऱ्यानं काय?"

वाजून वाजून फोन थांबला. शैला दारात येऊन उभी ऱ्हायली, फोन हातात, एकदा त्याच्याकडं बघायली, एकदा माझ्याकडं. मी म्हणलं, "घे रे आधी, मी कुठं पळून चाललेय." तो म्हणला, "तू बोल."

पुन्हा वाजायला लागला. तो उठला नाय. कागद मांडीवर, पण पेनाचं टोपण पण काढलं नव्हतं त्यानं. मी सांगत ऱ्हायले, की त्या म्हाताऱ्यानं ह्यांचा शब्द सोडला, पण ह्यांना नाय सोडलं.